हनुमानच्या सुपारीचा दिवस

लग्नाच्या सुपारीच्या दिवशी सकाळी घरातल्या एकाही मोबाइलला रेंज नव्हती. शिवशंकर हात उंच करून अंगणभर फिरला. त्याच्या वडलांनी, सुंदररावांनी, कंपनीच्या नावानं शिव्या घातल्या. पाहुणे मांजरसुंब्याला पोचले की अजून गेवराईतच आहेत, हे कळायला मार्ग नव्हता.

रोहिणीला कारण सापडलं ते देवघरात. पूजेचा तांब्या घासायला उचलला तर तळाशी चार सिमकार्डं पडलेली. वर पाणी, पाण्यात तुळशीचं पान.

तिनं ती पदरात काढली, कोरडी केली आणि हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन सोडवून एकेका मोबाइलचा खण उघडायला बसली. पिन जाड होती, आत जाईना. खरं तर हे काम या घरात एकाच माणसाचं होतं. तिचा धाकटा दीर हनुमान डोळे मिटून मोबाइल खोलायचा. नेकनूरच्या स्टँडवर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि लोक म्हणायचे, सुंदररावांच्या धाकट्याच्या बोटांना डोळे हायेत.

"काय करायलीस?" मागून नवऱ्याचा आवाज आला.

"रेंज आणायले."

शिवशंकरनं तिच्या पदरातली कार्डं पाहिली, रिकामा तांब्या पाहिला. कुणी ठेवली, असं त्यानं विचारलं नाही.

"आईला सांगू नको," तो हळूच म्हणाला. "आजचा दिवस जाऊ दे."

"आजचाच दिवस जाऊ देऊ नये, असं वाटतंय मला. त्या पोरीचा काय गुन्हा हाय, सांगा बरं?"

"मी बेसन आणतो," शिवशंकर म्हणाला आणि निघून गेला. अडचणीची गोष्ट निघाली की त्याला नेहमी काहीतरी आणायचं असायचं.

*

सुरुवात होळीच्या सुमारास झाली होती. हनुमान दुपारीच दुकान बंद करून घरी आला आणि म्हणाला, "वैनी, समोरच्या टपरीवर एक माणूस रोज बसतो. माझं नाव लिहून घेतो." रोहिणी हसली होती. हा दीर नकला करण्यात पटाईत. तिला वाटलं, आता त्या माणसाचीही नक्कल होणार. पण तो हसला नाही. त्या न हसण्याची तिला पुढं कितीतरी वेळा आठवण झाली.

मग तो गिऱ्हाइकाला विचारायला लागला, तुला कुणी पाठवलं? लोकांचे मोबाइल उघडेच्या उघडे परत द्यायला लागला. नागपंचमीपर्यंत दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. अंघोळ सुटली. भर उकाड्यातही स्वेटर घालून बसायचा. वरच्या खोलीत एकटाच बोलायचा, आणि ते नुसतं बडबडणं नव्हतं. तो बोलून थांबायचा, ऐकायचा, मग उत्तर द्यायचा. गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरकडची खिडकी त्यानं पोत्यानं बंद करून टाकली होती. आणि ज्या वैनीच्या हातच्या धपाट्यांसाठी तो पूर्वी स्वयंपाकघरात ठाण मांडून बसायचा, तिनं केलेली भाकरी तो आता आधी हुंगायचा, मोडायचा आणि पहिला घास कुत्र्याला घालून बघायचा.

रोहिणीनं कुणाला न सांगता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. तो रात्रभर जागा राहिला, की त्या तारखेला टिंब. काही खाल्लं नाही, की गोल. आधी आठवड्याला एखादं टिंब असायचं. भाद्रपदात टिंबांची रांग लागली. सासूनं एकदा विचारलं, "हे काय गं?" तर ती म्हणाली, "गॅसच्या टाकीचं हाय, आई."

घरात ज्याचं त्याचं निदान ठरलेलं होतं. सुंदरराव म्हणायचे, आळस. शिवशंकर म्हणायचा, टेन्शन. पाटोद्याकडून सुंदररावांची बहीण विमलबाई आली, तिनं एका फटक्यात निकाल दिला. "पंचविशीचा गडी हाय. लगीन करा. बायको आली की सगळं ठिकाणावर येतंय." आणि तिनंच हे स्थळ आणलं, रोहिणीच्या माहेराला, उमापूरला लागून असलेल्या गावचं. पोरीचं नाव उज्ज्वला.

सासू छबुबाई मात्र काहीच बोलायच्या नाहीत. लेकाच्या दंडाला काळा दोरा बांधला, दृष्ट काढली, तेवढंच. वरच्या खोलीत त्या कधी गेल्या नाहीत. ताट रोहिणीनंच न्यायचं. पायरीपर्यंत येऊन सासू माघारी फिरायची, हे तिला विचित्र वाटायचं. आईचं काळीज असं कसं, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं.

लेकराच्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरला तिनं सगळं सांगून पाहिलं होतं. सिस्टर म्हणाली, "अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग आहे. लवकर न्या. जितका उशीर, तितकं अवघड." दसऱ्याला रोहिणीनं नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, बघू. बघता बघता दिवाळी झाली आणि सुपारीची तारीख आली.

*

पाहुणे अकराला आले. पोरीचे वडील बिभीषण, दोघं भाऊबंद आणि पोरीची थोरली बहीण अंजना. शिवशंकरनं सकाळीच भावाची दाढी करून, अंघोळ घालून त्याला पांढरा शर्ट चढवला होता. हनुमान बैठकीत भिंतीला टेकून बसला. वाळला होता, पण मुळात देखणाच.

"दुकान कसं काय?" बिभीषणांनी विचारलं.

"चालतंय."

"किती वर्षं झाली टाकून?"

"चार."

सुंदररावांची छाती फुगली. विमलबाईंनी दाराआडून रोहिणीला कोपर मारलं. "बघ. कुठं काय हाय? तुमीच घरातल्यांनी पोराला येडा ठरवायला घेतलंय."

रोहिणी दाराच्या फटीतून बघत होती. हनुमानची नजर बिभीषणांच्या चेहऱ्यावर नव्हती. ती त्यांच्या शर्टाच्या खिशावर होती, खिशातल्या मोबाइलवर. मधूनच त्याचे ओठ हलायचे, आणि मग तो स्वतःच ते दाबून धरायचा. केवढी ताकद लागत असेल त्याला नुसतं असं बसायला, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम रडूच फुटायला लागलं. ती भजी तळायला चुलीकडे गेली.

अंजना पाण्याचा ग्लास ठेवायच्या निमित्तानं आत आली, ती तिथंच थांबली.

"रोहिणीताई, वळखलं का? उमापूरच्या शाळेत तुमी माझ्या दोन वर्ग म्होरं होता. खो-खोला होता."

"वळखलं की. तुझी वेणी ओढायचे मी."

दोघी हसल्या. अंजनाचं हसू लवकर संपलं. ती जवळ सरकली. "ताई, आमाला आई न्हाई. उजूचं सगळं मीच केलंय. बाहेर पुरुष माणसं काय, शेत बघतेत, घर बघतेत. तुमी घरात ऱ्हाता. पोरगं कसं हाय, तुमी सांगा. तुमी हो म्हणलात तर मी डोळे झाकून हो म्हणते."

कढईतली भजी लाल व्हायला लागली. रोहिणीनं झारा घातला. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं तर हे घर खूश, नवरा खूश, विमलआत्या खूश. आणि महिन्याभरानं एक पोरगी त्या पोतं लावलेल्या खोलीत जाऊन बसणार, कुणाशी बोलतोय हा, म्हणून विचारणार. कुणाला विचारणार? रोहिणीलाच.

"अंजना, दोन-चार महिने थांबा," ती म्हणाली.

"कावून?"

"भाऊजी आजारी हायेत."

"कसलं आजारी?"

"मनानं. झोप न्हाई. कुणीतरी बोलतंय असं वाटतंय त्यांना. माणूस लई गुणाचा हाय गं, देवाशपथ. पण दवाखाना व्हायचाय अजून. आदी दवाखाना, मंग लगीन."

मागं भांडं आदळलं. विमलबाई दारात उभ्या होत्या.

"बाई बाई बाई! ऐकलं का रे सुंदर!" त्या तशाच उलट्या पावली बैठकीत गेल्या. "तुझी सून पाहुण्यांना सांगायली, पोरगं येडं हाय म्हणून! कावून सांगणार न्हाई? धाकट्याचा संसार झाला न्हाई म्हंजी सगळं रान हिच्याच लेकरांना! समजत न्हाई का आमाला?"

बैठकीतली माणसं उठून उभी राहिली. रोहिणी पदर सावरत दारात आली. सासऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर ती कधी अशी उभी राहिली नव्हती. सुंदररावांचा चेहरा काळा-निळा झाला होता. शिवशंकर खाली बघत होता. तो एक शब्द बोलेल, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली.

बोलला तो हनुमान.

"आत्या खरं बोलायली," तो शांतपणे म्हणाला. "वैनी माझ्या भाकरीत काहीतरी घालती. मला ठाऊक हाय."

"घ्या!" विमलबाईंनी टाळी वाजवली. "लेकराच्याच तोंडानं ऐका!"

"पण तिची चूक न्हाई," हनुमान पुढं म्हणाला. त्याला आता थांबता येत नव्हतं. सकाळपासून दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "तिला टॉवरवरून सांगतेत. तिला कळतबी न्हाई. रात्री माझं नाव घेतेत, सगळ्यांच्या मोबाइलमधून घेतेत. मी सिम काढून पाण्यात घातले, तरी घेतेत. आता बी घ्यायलेत. ह्यांच्या खिशातून घ्यायलेत." त्यानं बिभीषणांकडे हात जोडले. "मामा, तेवढं बंद करा ना. पाया पडतो तुमच्या. मला एक मिनिट शांत बसू द्या."

विमलबाईंचे हात टाळीतच राहिले.

बिभीषणांनी हळूच खिशातून मोबाइल काढला, बंद केला आणि हनुमानला दिसेल असा सतरंजीवर ठेवला. "केला बंद, बाळा," ते म्हणाले. मग मोबाइल उचलून उठले. चपला घालताना सुंदररावांना म्हणाले, "पोर वाईट न्हाई, सुंदरराव. पण त्याला दाखवा. सुपारीचं आपण आता बोलायला नको." जाताना अंजनानं रोहिणीच्या हातावर नुसता हात ठेवला, तेही निसटता.

*

गाडीचा धुरळा बसायच्या आत घरात भडका उडाला. पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं विमलबाई म्हणाल्या. सुंदररावांनी तर सरळ लेकाला हुकूम सोडला. "उद्याच्या उद्या हिला उमापूरला नेऊन घाल. जिथली माणसं हिला जवळची वाटतेत तिथं ऱ्हाऊ दे."

"बापू," शिवशंकर म्हणाला.

"काय बापू?"

"मी सकाळी बघितलं होतं." तो रोहिणीच्या बाजूला येऊन उभा राहिला. "सिमकार्डं. देवाच्या तांब्यात होती. ही एकटी बसून पिनेनं मोबाइल उघडायली होती, आन् मी तिला म्हणलो, गप बस. दसऱ्याला बी म्हणलो, बघू. हिनं घरातली गोष्ट बाहेर सांगितली, कारण घरात ऐकायला कुणी नव्हतं. मीच न्हाई ऐकलं, तर बाकीचे काय ऐकतेत. उमापूरला पाठवायचं तर मला पाठवा."

सुंदरराव आ वासून बघत राहिले. थोरला लेक त्यांच्यासमोर एवढं लांब वाक्य कधी बोलला नव्हता.

"मंग काय करू म्हणतोस?"

"अंबाजोगाईला नेतो."

"येड्याच्या दवाखान्यात?" विमलबाई ओरडल्या. "एकदा शिक्का बसला की जन्माचा पुसत न्हाई!"

"शिक्का आज बसला, आत्या. चार माणसांम्होरं."

जिन्याच्या पायरीवर हनुमान येऊन बसला होता. पांढऱ्या शर्टाची वरची बटणं त्यानं उघडली होती. शिवशंकर त्याच्याजवळ खाली बसला.

"हनुमान, डॉक्टरकडं जाऊ. डोकं शांत करायचं औषध असतंय. मी संगं असतो, एक मिनिट सोडत न्हाई."

रोहिणीला वाटलं, आता हा उठून पळणार, किंवा अंगावर येणार. हनुमान बराच वेळ भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. जणू त्याच वेळी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होता आणि दोघांत कुणावर विश्वास ठेवावा, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"लई थकलो रे दादा," शेवटी तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता शिवशंकरनं जीप काढली. सुंदरराव निघायला तयार नव्हते, मग टोपी घालून आले. छबुबाईंना कुणी विचारलंच नव्हतं. अंगणात येऊन पाहिलं, तर त्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. हातात पिशवी, तोंड मिटलेलं.

*

केजच्या पुढं रस्त्याला उसाच्या गाड्या लागल्या आणि दवाखान्यात पोचायला दहा वाजले. बाहेर बाकड्यांवर गर्दी होती. एक म्हातारा नातवाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. चांगल्या घरची वाटणारी एक बाई सारखी हात पुसत होती. सुंदररावांनी टोपी खाली ओढून घेतली, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. आणि ओळखीचं भेटलंच. केजचा एक मास्तर, बायकोला घेऊन आलेला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

डॉक्टर तरुण होत्या. आधी त्या हनुमानशी एकट्याशीच अर्धा तास बोलल्या. मग त्याला शिवशंकरबरोबर रक्त तपासायला पाठवलं आणि बाकीच्यांना आत बोलावलं.

"हे कधीपासून चालू आहे?"

"महिनाभर झाला असंल," सुंदरराव म्हणाले.

रोहिणीनं पिशवीतून कॅलेंडरची पानं काढून टेबलावर ठेवली. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत. टिंब म्हणजे काय, गोल म्हणजे काय, ते सांगितलं. होळीचा तो टपरीवरचा माणूस, स्वेटर, दुकान, भाकरी, सगळं एका दमात सांगितलं. सांगताना तिला भीती वाटत होती की डॉक्टर म्हणतील, मग इतके दिवस काय केलंत?

डॉक्टरांनी पानं सावकाश उलटली. "माझं निम्मं काम तुम्ही करून आणलंय," त्या म्हणाल्या. मग एकेक विचारत गेल्या. दारू? गांजा? डोक्याला मार? फिट? मोठा ताप? सुंदरराव प्रत्येक वेळी न्हाई म्हणत होते आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा वर जात होता.

"कुटुंबात आधी कुणाला असा त्रास होता?"

"आमच्या घराण्यात असलं कुणालाच न्हाई. सात पिढ्यांत न्हाई."

"माझ्या भावाला होता," छबुबाई म्हणाल्या.

सुंदरराव वळले. "कोणता भाऊ?"

"लखन."

"लखनला साप चावला होता."

"न्हाई चावला."

छबुबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या डॉक्टरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बोलल्या. "मी बारा वर्षांची होते, त्यो वीस. आदी त्याची झोप गेली. मंग भाकर हुंगायला लागला. असंच. हेच सगळं. वडलांनी लई देव केले. मंग रानात, आखाड्यावरच्या खोपीत नेऊन ठेवला. पायात साखळी. चार वर्षं त्याची भाकर मी नेत होते. मला म्हणायचा, छबे, किल्ली आण. एक दिवस थंडीत गेले, हाका मारल्या, तर उठलाच न्हाई. गावात सांगितलं, साप चावला. कारण पंधरा दिवसांनी मला बघायला पाहुणे यायचे होते."

"ते पाहुणे म्हंजी आमीच," सुंदरराव म्हणाले.

"व्हय."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं, तर केलं असतं का तुमी मला?"

सुंदररावांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. रोहिणीला आता कळलं, की आठ महिने सासू पायरीपर्यंत येऊन का माघारी फिरत होती. ताट हातात घेतलं की ती आखाड्यावर पोचत होती.

"काल त्यानं पाहुण्याला हात जोडले," छबुबाई म्हणाल्या. "लखन बी असाच हात जोडायचा. मंग मला बसवंना घरी."

"त्या वेळी ही औषधं तुमच्यापर्यंत पोचली नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "आता आहेत. आणि रक्ताच्या नात्यात असलं म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही. यात कुणाचं पाप नाही, कुणाची करणी नाही. हनुमानला दाखल करून घेऊ."

*

तेरा दिवस हनुमान वॉर्डात होता. शिवशंकर त्याच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपला. कुठंही, काहीही आणायला गेला नाही. पाचव्या दिवशी त्यानं फोन केला, "रोहिणी, सहा तास झोपला. सलग." गोळ्यांनी हनुमानचे हात जड झाले, मान आखडली, मग डॉक्टरांनी गोळी बदलली. आवाज कमी झाले, पण गेले नाहीत. विमलबाईंनी गावात टायफॉइड झाल्याचं सांगून टाकलं होतं.

सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं, हनुमानलाही. मेंदूचा फोटो, रक्त, थायरॉइड, सगळं बघून झालं होतं. दुसरं काही निघालं नव्हतं. "याला स्किझोफ्रेनिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "हा मेंदूचा आजार आहे. साखरेच्या आजारासारखी याचीही गोळी बरेच दिवस चालते. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायची नाही. बंद केली की तो परत येतो, हे मी रोज बघते."

हनुमाननं विचारलं, "मंग ते आवाज खोटे हायेत का?"

"तुम्हाला ऐकू येतात, हे खरं आहे. बाहेर कुणी बोलत नाही, हेही खरं आहे."

"मलाच कावून झालं?"

"ते मला सांगता येणार नाही."

छबुबाई पुढं सरकल्या. "माझ्या भावाला बी हेच होतं का?"

"मी त्यांना पाहिलं नाही, मावशी. पण तुम्ही सांगितलंत त्यावरून, हेच असावं."

"ह्याचं नाव परत सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. छबुबाईंना ते नीट ऐकू आलं नाही, की जिभेवर बसलं नाही. त्यांनी डॉक्टरांकडून ते एका चिठ्ठीवर मराठीत लिहून घेतलं आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

जीप निघाली. हनुमान पुढं भावाशेजारी बसला. मागं सुंदरराव, छबुबाई आणि दाराशी रोहिणी. केजला थांबले तेव्हा रोहिणीनं पाण्याची बाटली पुढं केली. हनुमाननं तिच्याकडे पाहिलं, ओशाळून नजर खाली घातली आणि उतरून दुकानातून बंद झाकणाची बाटली घेऊन आला. तिला ते लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संशय जायला वेळ लागेल. पण सांगितलेलं कळणं वेगळं आणि पुढं केलेला हात तसाच मागं घेणं वेगळं.

"आत्ता बी बोलतेत का?" शिवशंकरनं गाडी सुरू करत विचारलं.

"बोलतेत. पण लांबून. शेजारच्या घरात रेडिओ लागल्यावानी."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं मागं पडत होती. छबुबाई कधीच्या काहीतरी पुटपुटत होत्या. रोहिणीला आधी वाटलं, जप करतायत.

"स्किजो... स्किजोफे..."

पुढून हनुमाननं मान वळवली. "फ्रे, आई."

"फे."

"फ्रे. फ आन् र एकत्र. फ्रे-नि-या."

"फ्रेनिया."

"आता सगळं म्हण."

"स्किझो... फ्रेनिया." छबुबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा न अडखळता म्हटलं. मग खिडकीबाहेर बघत, कुणाला उद्देशून नाही असं, पण गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "लखनला स्किझोफ्रेनिया झालता."

"कोणाला? लखनमामाला?" हनुमान सीटवर पूर्ण वळून बसला. किती महिन्यांनी तो समोरच्या माणसाकडे बघून, त्याचंच ऐकत बोलत होता. "मामाला तर साप चावला होता ना?"

सुंदररावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी हात लांब करून आपल्या बाजूची खिडकी वर केली, वाऱ्याचा आवाज आत येऊ नये म्हणून.

"न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "ऐक."